चारनंतर काय, हमीद

हमीद,

तू गेल्याला आज एकोणचाळीस दिवस झाले. उद्या चाळिसावा. घरी लोक येतील, दुवा मागतील, जेवतील, आणि जेवता जेवता एखादा तरी म्हणेल की माणूस चांगला होता, पण धंदा त्याला जमला नाही. मातीच्या दिवशीही असं म्हणणारा निघालाच. तुझ्याच गल्लीतला एक दुकानदार रुमालानं मान पुसत शेजारच्याला सांगत होता, "अख्ख्या वऱ्हाडात लोक जीव देऊन राहिले, अन् हा अन् तो अमरावतीचा वानखडे दर रविवारी अमेरिकेच्या चिपचं बारसं करत बसत."

तो अमरावतीचा वानखडे त्याच्या मागंच उभा होता. मी काही बोललो नाही, कारण माती द्यायची माझी पाळी आली होती. उद्या मात्र बोलणार आहे. काय बोलणार ते आधी तुला ऐकवतो. चुकीचा आकडा निघाला तर तो पकडणारा दुसरा कुणी मला माहीत नाही.

होय, आपण बारसं करत होतो. दहा वर्षं केलं. त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

लाज वाटते ती आपल्या पहिल्या भेटीची, आणि म्हणून मी ती विसरल्याचं सोंग करायचो. मे महिना होता. अमरावतीच्या आमच्या ऑफिसात पिकांची आकडेवारी भरायला पहिला कॉम्प्युटर आला होता, चारशे शहाऐंशी नंबरच्या चिपचा. दुपारी बारा वाजले की तो बंद पडायचा. आम्ही सगळ्यांनी विचार करून साहेबांच्या खोलीतला कूलर उचलून आणला आणि त्याचं तोंड थेट कॉम्प्युटरवर धरलं. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली, गार, सुगंधी हवा. आठवडाभरात कॉम्प्युटर कायमचा बसला. तू दुरुस्तीला अकोल्याहून आलास, पेटी उघडलीस, आतल्या हिरव्या पाटीवर बोट फिरवलंस आणि बोटाला लागलेला तांबडा गंज मला दाखवलास.

"साहेब, ह्याले ताप आला व्हता. तुमी त्याले आंघोळ घातली."

ही कल्पना कोणाची, असं तू विचारलंस. सगळं ऑफिस माझ्याकडं बघायला लागलं.

त्यानंतर चहा पिताना तू मला विचारलंस की आता चारशे शहाऐंशीच्या पुढं काय. मी म्हटलं, दोनशे, तीनशे, चारशे, म्हणजे पुढं पाचशे शहाऐंशी. यात विचारायचं काय? तू बशीतला चहा संपवलास आणि म्हणालास की पुढचा तर केव्हाच आला, त्याचं नाव पेंटियम.

"आकड्यावर कोणाची मालकी नसते, साहेब. नावावर असते. कंपनीले आकडा राखून ठेवता येत नोता, म्हणून तिनं बारसं केलं."

मला ते फार लागलं. मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस. पुढच्या रविवारी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून अकोल्याला तुझ्या दुकानात आलो ते वाद घालायला. तो वाद अजून चालू आहे.

तुझ्या दुकानाबाहेर फळा होता. तुझे वडील अकोटला जिनिंगमध्ये रोज सकाळी फळ्यावर कापसाचा भाव लिहायचे, आणि तू लहानपणी खडू धरून त्यांच्या बाजूला उभा राहायचास. दुकान काढल्यावर तू पाटीच्या आधी फळा टांगलास. त्यावर एका बाजूला चालू मालाचे भाव, दुसऱ्या बाजूला तुझा अंदाज. पुढचा प्रोसेसर कधी येईल, त्याचं नाव काय असेल, आणि खाली नेहमीची ओळ, 'थांबता येत असेल तर थांबा.' ही ओळ गल्लीतल्या बाकीच्या दुकानदारांच्या डोळ्यांत खुपायची. गिऱ्हाईक त्यांच्याकडं निघालेलं असायचं आणि तुझा फळा वाचून घरी परत जायचं.

"अबे, तुह्या दुकानातूनही परत जाते ना तो," मी एकदा म्हणालो होतो.

"जाऊ दे. पुढच्या वर्षी कोठी येईन तो? सांग."

तो तुझ्याकडंच यायचा, हे मी दहा वर्षं पाहिलं आहे. सगळे यायचे असं म्हणणार नाही. मोजले नाहीत.

मासिकात आपण वाचलं की बाजारात यायच्या आधी त्या कंपनीत चिपला एक गुपित नाव असतं, आणि ते बहुधा त्यांच्याकडच्या नद्यांवरून, गावांवरून ठेवतात. तू मासिक मिटवून टेबलावर आपटलंस. "मंग आपल्याकडं काय नाल्या हायेत?" त्या दिवसापासून आपल्या अंदाजांना आपल्या नद्यांची नावं. पेंटियम दोनला आपण शहानूर म्हटलं, तीनला पेढी. चारला मी मोर्णा सुचवलं तर तू कानाला हात लावलास. "मोर्णा नोको बाप्पा. तिच्यात पाणी नाई. उन्हाळ्यात बंद पडन." मग काटेपूर्णा ठेवलं. ती काटेपूर्णा चिपच उन्हाळ्यात बंद पडायला लागली, हा भाग वेगळा.

आता मूळ वाद मांडतो. माझी बाजू आधी, कारण ती हरलेली आहे, निदान अर्धी.

मी आलेखाच्या कागदावर रेघ मारली होती. दोनशे शहाऐंशीपासून प्रत्येक पिढीचं अंतर वर्षांत साडेतीन, साडेतीन, चार, चार, पावणेदोन, पावणेदोन. चिपचा वेग दर वेळी वाढलेला. यावरून पेंटियम पाच कधी येणार ते सरळ निघत होतं. तो आला नाही. मी रेघ पुढं सरकवली. तो तरीही आला नाही. मी रेघ दोनदा सरकवली हे इथं नोंदवून ठेवतो. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस, फक्त खोडरबर माझ्यापुढं सरकवायचास.

तुझं म्हणणं होतं की पाच येणारच नाही. कारण विचारलं तर तू मे महिन्याची वही काढलीस. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनच्या पेटीत तू थर्मामीटर बांधायचास आणि कितव्या मिनिटाला ती बसते ते लिहायचास. बाहेर सेहेचाळीस डिग्री. जितका वेग जास्त, तितकी मशीन लवकर बसत होती. तक्ता मीच करून दिला होता, त्यामुळं आकडे खोटे म्हणायची सोय नव्हती.

"आणखी पळवलं तर जळन," तू म्हणालास. "वेग संपला, वानखडे. आता पाच नाई अन् सहा नाई."

"अकरा मशीन," मी म्हटलं. "अकरा मशीनवरून तू अमेरिकेच्या कंपनीचं भविष्य सांगून राहिला?"

"अन् तू दोन-चार शेतातलं पीक कापून अख्ख्या मंडळाचा उतारा सांगतं, तो?"

दुकानात बसलेलं गिऱ्हाईक इतकं हसलं की त्याच्या हातातला माऊस खाली पडला.

मग पुढं काय येईल, असं मी विचारलं. तू शंकरपटाचं उदाहरण दिलंस. पटात एकटा बैल कोणी पळवतं का? एका जुवाला दोन लावतात. ही कंपनीसुद्धा एकाला मरेस्तोवर पळवायचं सोडून एका चिपवर दोन बसवेल, थोडे हळू, पण जोडी. तू हे फळ्यावर लिहिलंस त्या दिवशी गल्लीत तुझी जी टिंगल झाली ती मी ऐकली आहे. काही महिन्यांनी इंटरनेटच्या दुकानातून छापून आणलेला कागद तू मला बडनेरा स्टेशनवर येऊन दाखवलास. रविवारपर्यंत तुला दम निघाला नाही. चार गिगाहर्ट्झची चिप कंपनीनं रद्द केली होती आणि यापुढं जोड्या करणार असं जाहीर केलं होतं.

मी कागद दोनदा वाचला आणि म्हटलं, "ठीक हाय. पण त्या जोडीलेच ते पेंटियम पाच म्हणतीन."

तू कागद माझ्या हातातून काढून घेतलास. मग प्लॅटफॉर्मवर दोन्ही हात जोडून म्हणालास, "तू मेल्यावरही रेघ सरकवशीन."

मेलास तू. जानेवारीत, दुकानाचं शटर वर करताना, एक मिनिटही न देता. आणि मी त्या दिवशी स्टेशनवर एक साधं वाक्य बोलायला हवं होतं, ते राहिलं. जोडीचं तुझं बरोबर निघालं. अकरा मशीन, एक थर्मामीटर आणि अकोल्याचा मे महिना, एवढ्यावर तू ते ओळखलंस. मासिकात छापून यायच्या आधी ओळखलंस. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं नाही. पाचाचं मात्र अजून ठरलेलं नाही, आणि तू गेलास म्हणून ते तुला बहाल करणार नाही.

आता त्या रुमालवाल्याच्या बोलण्याकडं येतो. लोक जीव देत होते, हे मला कोणी सांगायला नको. दर हंगामात मी त्याच गावांत जातो. चौकोन आखतो, पीक कापून वजन करतो, फॉर्म भरतो. माझा आकडा खरा असतो आणि तो पीक गेल्यावर येतो. तू मला हे तोंडावर म्हणाला होतास आणि मी चार रविवार तुझ्याकडं आलो नव्हतो. "हिशेब कोणीही करते, वानखडे. अंदाज सांगाले छाती लागते. चुकला का लोक तोंडावर सांगतात." गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मी गावोगाव पाहिली. पूर्वी काम आटोपल्यावर पारावर चहा मिळायचा आणि बोलणं निघायचं ते पुढच्या वर्षीचं. कोणतं बियाणं, केव्हा पेरणार, पोरीचं लग्न कोणत्या महिन्यात. आता चहा मिळतो, पण पुढच्या वर्षीचं कोणी काढत नाही. काढलं तर लोक उठून जातात. अशा वर्षांत एक माणूस दर रविवारी खडू घेऊन पुढच्या वर्षीचं काहीतरी फळ्यावर लिहायचा, चुकलं तर सगळ्यांसमोर पुसायचा, परत लिहायचा. मी त्याच्याकडं जायचो, कारण परतीच्या गाडीत बसताना मला सोमवारी फॉर्म भरायचं बळ असायचं. हे करमणूक म्हणून केलं असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

आता इथलं सांगतो. नसरीनभाभी इद्दतमध्ये, विधवेनं पाळायच्या दिवसांत, आहेत. चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर, म्हणजे दुकानाच्या मागच्या खोल्यांबाहेर, पडणार नाहीत. चंद्राचे महिने धरून मी एकशे अठ्ठावीस दिवस काढले, त्यातले एकोणनव्वद राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाच्या मागच्या दाराच्या पडद्याआडून मला सांगितलं होतं, "भाईसाब, तेवढे दिवस दुकान उघडं ठेवा. मशीन जोडाले मले येते. मंग मी बसतो." त्यांना येतं, हे मला माहीत होतं. तुझ्या निम्म्या मशीन भाभींनी जोडलेल्या असायच्या आणि तू ते लपवायचा नाहीस. पण तुझा धाकटा भाऊ रशीद याला दुकान शेजारच्याला द्यायचं आहे. तो वाईट नाही. घाबरलेला आहे. त्यानं भाभींना बजावलंय की चाळिसाव्यापर्यंत दुकान चाललेलं दिसलं तर ठीक, नाहीतर उद्या जमलेल्या मोठ्या माणसांपुढं तो विषय काढणार. बाकीचे दिवस तो एकटा दुकानात बसतो, रविवारी त्याच्यासोबत मी. दर रविवारी जाऊ का, असं बायकोला, सुनंदाला, विचारलं तर म्हणाली, "जा बाई एकदाचे. घरी बसून आमचेच अंदाज काढत बसान."

आज दुपारी मूर्तिजापूरचे एक सर आले. कॉम्प्युटरचा क्लास काढणार आहेत, जूनमध्ये सुरू. सहा मशीन हव्या होत्या. एका दमात सहा. रशीद उभाच राहिला. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला त्याची दया आली. सहा मशीन गेल्या असत्या तर उद्या त्याचं तोंड बंद झालं असतं आणि भाभींचं दुकान वाचलं असतं. ठेवणीतला चांगला, वेगवान माल होता. सरांनी फळ्याकडं पाहिलं. तो पाच रविवार कोरा होता, कारण खडू हातात घ्यायची माझी हिंमत झाली नव्हती.

"हमीदभाईनं इथी लिहून ठेवलं असतं," सर म्हणाले. "आता तुमीच सांगा. घेऊ का थांबू?"

मी खरं तर नुसते भाव सांगू शकलो असतो. भाव खरे होते.

"सर, क्लास जूनमध्ये हाय ना तुमचा?" मी म्हटलं. "उन्हाळ्यात जोडीवाला येईन असा अंदाज हाय. अकोल्यात पोचाले जुलै. आज दोन घ्या, चार जुलैत घ्या. अन् थांबता येत असन तर सगळ्याच थांबवा."

"बाजूवाला तर म्हणून राहिला का असं काही येत नाई."

"तो म्हणत असन. मी हमीदच्या दुकानात बसलो हाव."

सरांनी बोटांवर महिने मोजले. मग उठले, दुकानाचा फोन नंबर लिहून घेतला, जुलैत येतो म्हणाले आणि गेले. एकही मशीन न घेता गेले. येतील का, मला माहीत नाही.

रशीदनं सरांची खुर्ची जागेवर ठेवली. मग हळूच म्हणाला, "काका, तुमी बी तसेच निघाले. भाऊनं हेच केलं. सहा मशीन, काका! आता उद्या मी काय सांगू लोकाइले? दुकान कोण चालवून राहिलं म्हणू?"

 मी उठलो, ड्रॉवरमधून खडू काढला आणि फळ्यासमोर जाऊन उभा राहिलो. वय एकावन्न, सरकारी नोकरी सत्तावीस वर्षं, आणि भर गल्लीत आयुष्यात पहिल्यांदा, घडायच्या आधीची गोष्ट मी स्वतःच्या हातानं लिहिली. अक्षर वाकडं आलं. 'पुढे जोडी. जुलै.' त्याखाली, तिचं नाव काय असेल याच्या दोन ओळी. 'हमीद: पाच नाही.' 'वानखडे: पाच.' गल्लीतले दोघे-तिघे येऊन उभे राहिले. एक म्हणाला, "मेलेल्याचा अंदाज लिहून राहिले का, साहेब?" मी म्हटलं, "त्यानं सांगतलेला हाय. मुदत संपली नाई अजून."

तेवढ्यात मागच्या दाराचा पडदा हलला. भाभी पडद्याआडच होत्या, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"भाईसाब, काय लिहिलं?"

मी वाचून दाखवलं.

"दोघंही चुकले. आकड्याचं काही ठेवणारच नाईत ते. जुनं नाव बुडालं, तर नवंच ठेवतीन. साधा एक शब्द." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माह्याही लिहा. पुरं नाव लिहा, नसरीन हमीद शेख."

रशीद म्हणाला, "भाभी, बाहेर लोक हायेत."

"म्हणूनच लिहा म्हटलं."

मी तिसरी ओळ लिहिली, जरा मोठ्या अक्षरात, गल्लीच्या तोंडापासून वाचता येईल अशी. रशीद ती वाचत उभा राहिला. मग त्यानं माझ्या हातातून खडू घेतला. मला वाटलं, आता पुसतो. त्यानं 'शेख'ची तुटलेली मात्रा नीट केली आणि खडू ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या मोठ्या माणसांना काय सांगायचं, हे त्यानं मला पुन्हा विचारलं नाही.

मी पडद्याकडं तोंड करून म्हटलं, "भाभी, जुलै लिहिलं हाय. चुकलं तर लोक हसतीन."

"हसू द्या," त्या म्हणाल्या. "जुलैत मी दुकानात असन. चुकलं तर मीच पुसन."